कुंकू लागलेली तार

भाई, आधी निकाल सांगते, कारण प्रस्तावना तुम्हाला कधी खपली नाही. टाकीत बारा सेंटिमीटरची लाट सोडली आणि तुमच्या तारेने बारा दाखवले. पावणेबारा नाहीत, सव्वाबारा नाहीत. सबनीस सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला, तरी बाराच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मग काय तेरा यायला हवे होते?"

तुम्हाला जाऊन तीन आठवडेही झाले नाहीत. विश्रांतवाडीच्या घरून तुम्हाला नेलं तेव्हा पुरुष सगळे कब्रस्तानात गेले आणि मी नूरभाभींचा हात धरून आतल्या खोलीत बसले. तुमच्यावर मूठभर माती लोटायला माझा हात तिथे नव्हता. परत येताना रिक्षात सारखं वाटत होतं की या माणसाचं आपल्याकडे काहीतरी राहिलंय आणि ते नुसत्या रडण्याने व्हायचं नाही. काल खंडेनवमी होती. काल ते केलं. कसं केलं तेच सांगायला बसले आहे. यातली बरीचशी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला मध्ये तोडणार नाही आहात.

हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली आपली शेड. समुद्र तिथून अख्खा घाट उतरून पलीकडे, आणि आपण पोटापाण्यासाठी लाटा मोजणारी माणसं. येणारा प्रत्येक पाहुणा तोच विनोद करायचा आणि तो जगात आपल्यालाच सुचला असं समजायचा: "पुण्यात कसला आलाय समुद्र?" तुम्ही लेथवरून मान वर न करता म्हणायचात, "समुद्र कोकणात ठेवलाय. इथे पार्किंगला जागा नाही."

मग पाहुण्याला टाकी दाखवायची. ती लांबलचक काचेची टाकी, एका टोकाला लाट उठवणारी हलती फळी, दुसऱ्या टोकाला लाट जिरवायला खडीचा उतार, आणि मध्ये पाण्यात उभ्या आठ तारा. तार कशी चालते हे समजावून द्यायचं काम माझं. मी सुरुवात केली की पाहुण्यांचे डोळे जड व्हायचे. मग तुम्ही हात पुसत यायचात. "हे बघा, तारेला आवरण आहे. पाणी तारेवर जितकं वर चढेल तितकी वीज तिच्यात जास्त साठते, उतरलं की कमी होते. यंत्र ती वीज मोजतं आणि पाणी कुठवर आलं ते सांगतं. घरी डब्यात तेल किती राहिलं ते बघायला वहिनी पळी उभी घालतात ना, तसंच. फक्त ही पळी सेकंदाला शंभर वेळा बघते." पाहुणा वहिनींच्या पळीवर खूश होऊन जायचा आणि माझी पदवी घरी भिंतीवर टांगलेलीच राहायची.

तारा तुम्ही हाताने बनवायचात. तुमचे वडील मंडईमागे भांड्यांना कलई लावायचे. थर सगळीकडे सारखा बसला पाहिजे, नाहीतर ताक कळकतं, बिघडतं, हे त्यांचं म्हणणं. कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर होऊन तुम्ही आपल्याकडे आलात आणि तेच म्हणणं तारेला लावलंत. आवरण कुठे जाड, कुठे पातळ झालं की आकडा कळकतो. तुम्ही तार डोळ्यांसमोर आडवी धरून एक टोक ते दुसरं टोक अशी वाचायचात, आणि मधूनच "इथे" म्हणून थांबायचात. मी मायक्रोमीटर लावून बघायचे. तिथे खरंच फरक असायचा. मला त्याचा मनापासून राग यायचा.

आणि तो मणी. थर्माकोलचा, वाटाण्याएवढा, लाल रंगवलेला. एक लाट मोजून झाली की पुढची सोडण्याआधी पाणी निवायला हवं, आणि ते निवलं की नाही हे तुमच्या लेखी फक्त तो मणी सांगू शकत होता. मणी पाण्यावर हलतोय तोवर बसून राहायचं, चहा प्यायचा, हवं ते बोलायचं. मणी थांबला की सगळे गप्प, आणि पुढची लाट. मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "भाई, एवढी वाट कशाला बघायची? उरलेली हालचाल कॉम्प्युटर वजा करून टाकेल."

"कॉम्प्युटर चूक काढत नाही, ताई. तो चुकीला इस्त्री करतो."

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर होतं. पण तेवढ्यात मणी थांबला. आपले सगळे वाद असेच तुटलेले आहेत, भाई. मंडईतली भाजी ताजी की सोसायटीच्या दारातली, लेकीला इंजिनिअर करावं की तिला विचारावं, देव आहे का, असलाच तर त्याला टाकीची गळती दिसत नाही का. प्रत्येक वादाला दहा मिनिटं मिळायची आणि शेवटचा शब्द मण्याचा असायचा. माझी खात्री आहे की काही वेळा हरायला लागलात की तुम्ही मण्याकडे जरा जास्तच आशेने बघायचात.

आता खंडेनवमीची गोष्ट.

शेडमधल्या हत्यारांची पूजा सगळ्यांत निगुतीने कोण करायचं? तुम्ही. लेथ डिझेलने लख्ख पुसायचा, हळदकुंकवाची बोटं लावायची, झेंडूचा हार, समोर पेढे. नव्याने आलेल्या कोणीतरी एकदा भुवया उंचावल्या तर म्हणालात, "माझा बाप भात्याला हार घालायचा, मी लेथला घालतो. ज्याच्यावर पोट भरतं त्याला मान द्यायचा. यात तुम्हाला काय अडचण आहे?" त्याला काही अडचण उरली नाही. पण एक नियम होता. लेथला कुंकू, ड्रिलला कुंकू, पान्यांनाही कुंकू, तारेला नाही. तारेला नुसतं बोटसुद्धा नाही. धरायची तर सुती हातमोजा घालून.

तीन वर्षांपूर्वी नेमकं त्याच दिवशी नूरभाभींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि तुम्ही दवाखान्यात होतात. पूजा माझ्याकडे आली. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. चारच दिवसांनी कोकणातल्या एका बंदराची माणसं आपल्या तारांची परीक्षा घ्यायला येणार होती आणि सरांना त्यांना पाठवायला एक छानसा फोटो हवा होता. लेथचा फोटो काय पाठवायचा? मी आठही तारा चौकटीला टांगल्या, खाली रांगोळी काढली. कोरडं कुंकू तारेवर ठरेना, म्हणून समईतल्या तेलात बोट बुडवलं. उघडं बोट, भाई. आठही तारांना एकेक टिकली लावली. फोटो झकास आला. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने तारा वरपासून खालपर्यंत पुसल्या आणि विसरूनही गेले. तेलकट तारेवरून पाणी नीट चढत-उतरत नाही हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण पूजा करताना शास्त्र आठवायचं सुचलं नाही, आणि फडक्याने मी टिकलीपुरतं असलेलं तेल तारभर सारवून ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी बारा सेंटिमीटर सोडले की एक तार साडेदहा म्हणे, दुसरी अकरा, तिसरीला तर दर लाटेला नवं काहीतरी सुचत होतं. तुम्ही तीनदा पाणी निववलंत. तीनदा तेच. बंदराचे साहेब हसून म्हणाले, "हातबनावटीचं हे असंच असतं." सबनीस सरांचे कान लाल झाले. तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "तार चुकली. तार माझी आहे."

ते गेल्यावर तुम्ही हातमोजा घालून पाचवी तार उचललीत, खिडकीशी नेलीत आणि चष्म्यावर सोडतात तशी तिच्यावर तोंडाची वाफ सोडलीत. तारेवर वाफ धरली. मध्येमध्ये पट्टे राहिले, तिथे नीट धरली नाही. वर चिमट्यापाशी, जिथे माझं फडकं पोचलं नव्हतं, तिथे कुंकवाचा एक कण होता. तो तुम्ही पाहिलात. मीही पाहिला. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तार कापडात गुंडाळलीत आणि म्हणालात, "ताई, चहा सांगा."

मी चहा सांगितला. बाकी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला अहवाल लिहायला बसवलं. 'हातबनावटीच्या तारांच्या मोजणीत सातत्य नाही' हे वाक्य मी टाइप केलं, भाई, माझ्या या बोटांनी. नोकरी पक्की व्हायला दोन महिने होते. घरात माझ्यावर भिस्त होती. तेव्हा ही कारणं डोंगराएवढी होती, आज लिहायला बसले तर दोन ओळींत मावली. तुमच्या टेबलावर ताडपत्री आली. बाहेरून तयार तारा मागवल्या. तुम्हाला आठवड्यातून दोनच दिवस बोलवायला लागले, तेही लेथच्या कामाला, आणि तुम्ही हडपसरच्या बसमधून तोच स्टीलचा डबा घेऊन वेळेच्या आधी पाच मिनिटं यायचात. मी तुमच्याकडे बघायचं टाळायचे. तुम्ही मला रोजच्यासारखेच, "ताई, अंगात ताप आहे का? आज वाद नाही," म्हणून हाक मारायचात.

पुढच्या खंडेनवमीला तुम्ही पूजेची थाळी माझ्यासमोर धरलीत. "लेथला तुम्हीच लावा, ताई. तुमचा हात चांगला बसतो."

मी पेठेत वाढलेली मुलगी. टोमणे मला बाळगुटीबरोबर पाजलेले आहेत. पण इतका अचूक आणि इतका बिनरागाचा टोमणा मी जन्मात ऐकला नव्हता. मी लेथला कुंकू लावलं. त्याच्या पुढच्या वर्षी परत तेच, शब्दही तेच. मला तुमचा रागसुद्धा यायचा. एकदा ओरडा ना माझ्यावर! ओरडला असतात तर मी रडले असते, कबूल केलं असतं आणि मोकळी झाले असते. तुम्हाला हे कळत होतं आणि म्हणूनच तुम्ही ओरडत नव्हतात. इतकी स्वस्तात सुटका तुम्ही मला दिली नाहीत, त्याबद्दल आज मी तुमचे आभार मानते. तेव्हा मनात काय म्हणायचे ते इथे लिहिणार नाही.

पण मी समजत होते तसे तुम्ही नुसते गप्प बसलेले नव्हतात. त्या फजितीनंतर महिन्याभराने तुम्ही मला विचारलं होतं, "ताई, बंदराच्या पाण्यात काय काय असतं?"

"मीठ."

"आणखी?"

"मासे."

"आणखी?"

मी आठवून सांगू लागले: होड्यांचं डिझेल, मासळीचं तेल, इंजिनातून गळलेलं काळं वंगण. तुम्ही मान डोलावलीत. "आपल्या टाकीतलं पाणी सोवळ्यातलं. तिथलं पाणी सगळ्यांना शिवून आलेलं. आपल्या तारेला एक तेलाचं बोट सोसलं नाही, ती तिकडे काय नांदणार? बरं झालं इथेच कळलं."

बरं झालं! माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत लाजिरवाण्या चुकीबद्दल तुमचा शेरा हा होता. मी त्या दिवशी हातमोजे घातले आणि तुमच्या ताडपत्रीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "उचला."

तुमचे ते दोन दिवस, लेथचं काम संपल्यावरची दुपार, आणि माझी जेवणाची सुट्टी. दोन वर्षं आपण ती तार केली. नॉनस्टिक तव्यावर असतं त्या, तेल धरून न ठेवणाऱ्या टेफ्लॉनची बारीक नळी तारेवर चढवायची, आणि नळी आणि तार यांच्यात हवेचा कणही राहता कामा नये. नळी गरम पाण्यात मऊ करायची, एक टोक माझ्या हातात, दुसरं तुमच्या, आणि बोटभर बोटभर पुढे ओढत न्यायची. जोर वाढला की फाटायची, कमी पडला की हवा धरायची. किती नळ्या फाटल्या त्याची मोजदाद तुम्ही करू दिली नाहीत. "बाप भांडं विस्तवावर फिरवायचा तेव्हा हात मोजायचा नाही, हात फिरवायचा," म्हणालात. शेवटी एका दुपारी नळी अशी बसली की आपण दोघंही टोकं सोडायला तयार नव्हतो.

मग तेलाची परीक्षा. "गोडंतेल आणा. समईत घालतात तेच." मी आणलं. तुम्ही तारेला तेल लावायचात, जुन्या फडक्याने कसंतरी पुसायचात, अगदी माझ्यासारखं, आणि तार टाकीत उभी करायचात. पहिल्यांदा बारा सोडल्यावर साडेअकरा आले. मग अकरा पूर्णांक आठ. मग एकदा बारा आले आणि पुढच्या नऊ वेळा बाराच. अकराव्या खेपेला मी उत्साहाने तेलात बोट घालायला गेले. तुम्ही वाटी मागे घेतलीत.

"तुम्ही नको. अजून नाही."

"का नको? मी का नको, भाई?"

तुम्ही उत्तर देणार होतात, तोंड उघडलंही होतंत. तेवढ्यात मणी थांबला. आपल्या सगळ्या अर्धवट वादांतला हा एक मला सगळ्यांत जास्त छळतो.

इकडे बंदरात बसवलेल्या तयार तारांवर चार दिवसांत तेलाचा थर धरला आणि आकडे भरकटले. त्या तारांचा दोष नव्हता, त्या स्वच्छ पाण्याच्या होत्या. सबनीस सर डोकं धरून बसले. तुम्ही त्यांच्या दारात जाऊन म्हणालात, "साहेब, ताडपत्रीखाली एक तार पडून आहे. लावून बघा. चुकली तर चुकली, तिला सवय आहे."

यंदाच्या मे महिन्यात आपण ती बसवायला गेलो. आयुष्याची शेवटची वर्षं लाटा मोजण्यात घालवणारा माणूस समुद्राच्या काठावर उभा राहून बराच वेळ नुसता बघत होता. मग तुम्ही मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना विचारलंत, "हे निवतं कधी?"

"कवाच नाय, चाचा."

"मग इथे वाद कधीच मिटत नसतील."

चेअरमनना काही कळलं नाही. मला कळलं. इथे मणी थांबणार नव्हता, वेळच वेळ होता. धक्क्याच्या खांबाला तार आवळत तुम्ही शिडीवर उभे होतात, मी खाली अवजारांची पेटी धरून होते. मी म्हटलं, "भाई, त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी..."

"ताई, बाराचा पाना द्या."

मी पाना दिला. हे तुम्ही मुद्दाम केलंत. नाही म्हणू नका.

तार उभी राहिली आणि पावसाळा आला. तारेचे आकडे दर अर्ध्या तासाला आपल्या फोनवर यायचे. नूरभाभी परवा सांगत होत्या, "नमाज होती, चाय होती, फिर फोन. मैं पूछती, आज समंदर का क्या हाल है? तो बोलते, मुझे क्या पूछती, मृणालताई को पूछो, वो झगड़ेगी." आणि मी खरंच भांडायचे. तुम्ही म्हणायचात हा आकडा जरा जास्त वाटतोय, मी म्हणायचे तुमचीच तार आहे. मग आपण चेअरमनना फोन करायचो. ते धक्क्यावरच्या रंगवलेल्या पट्टीवर डोळ्याने लाट वाचायचे आणि ओरडून सांगायचे. पट्टी आणि तार, डोळा आणि वीज, दोन्ही एकच बोलायची. फोन ठेवताना तुम्ही दर वेळी एकच शब्द म्हणायचात, "निभावतेय."

आषाढातला तो दिवस आठवतो? सकाळपासून आकडा चढत होता. अख्खी शेड माझ्या टेबलाभोवती जमली होती, सबनीस सर उभ्यानेच डबा खात होते. तुम्ही विश्रांतवाडीहून फोनवर. आकडा ठरवलेल्या खुणेच्या वर गेला आणि सोसायटीने भोंगा वाजवून सगळ्या होड्या आतल्या खाडीत ओढून घेतल्या. संध्याकाळी धक्क्यावरून पाणी गेलं. एकाही होडीला खरचटलं नाही. चेअरमनचा फोन आला, मागे वाऱ्याचा नुसता घोंगाट. "चाचाला सांगा, त्यांची काठी अजून उभी हाय!" मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "काठी काय म्हणतो, तार म्हणावं." भाई, तुमचा आवाज तेव्हा ओला होता. मी तेव्हा दाखवलं नाही, आता लिहून ठेवते.

गणपती उठल्यावर दुसऱ्या बंदराचं पत्र आलं. त्यांनाही तीच तार हवी होती, आणि पत्रात छापलं होतं, 'दस्तगीरभाई कलईगार यांनी बनवलेली'. मी ते घेऊन तुमच्या घरी आले. तुम्ही दोनदा वाचलंत आणि नूरभाभींकडे दिलंत. "नावाने मागितलीय. आता चुकली तर नावाने चुकणार." भाभींनी पत्र कपाटात कुराणशरीफाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं, दागिने ठेवतात तिथे. दोन दिवसांनी सकाळी तुम्ही नमाज आटोपून खुर्चीत बसलात, चष्मा लावलात, फोन हातात घेतलात, आणि गेलात. फोन भाभींनी मला दाखवला. पडद्यावर समुद्र होता, एक मीटर वीस.

जिंकून गेलात. हे मी स्वतःला रोज सांगते आणि रोज त्याने बरं वाटतं. पण जिंकलेल्या माणसाविरुद्ध माझ्या हातचं एक वाक्य शेडच्या कपाटात, अहवालात तसंच पडून होतं.

काल शेड झाडून झाली, लेथ पुसला, हार आले. दुसऱ्या बंदराची तार तयार होती, तुम्ही गेल्यावर मी एकटीने टोकं धरून पुरी केलेली. चेअरमन खास ती बघायला घाट चढून आले होते. थाळी कोण उचलणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. मी उचलली. आणि लेथकडे न जाता टाकीकडे गेले.

"सर," मी म्हटलं, "तीन वर्षांपूर्वी तार चुकली नव्हती. तार भाईंची होती, बोट माझं होतं." मग सगळं सांगितलं. समई, तेल, फोटो, फडकं, कुंकवाचा कण, चहा आणि ते वाक्य. आवाज एकदाच फुटला, चहापाशी.

सबनीस सरांनी शेडभर नजर फिरवली. "बाई, आणखी कुठे कुठे कुंकू लावून ठेवलंय ते आत्ताच सांगा." आणि मग, माझ्याकडे न बघता, तुमच्या टेबलाशी जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने ताडपत्री काढली, घडी घातली आणि बाहेर नेऊन ठेवली. मी अहवालाला जोडायचं दुरुस्तीचं पान आदल्या दिवशीच टाइप केलं होतं. त्यांनी त्याच टेबलावर त्या पानावर सही केली.

मग मी हातमोजा काढला. समईतल्या तेलात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि तुमच्या नव्या तारेवर, बरोबर मधोमध, टिकली लावली. फडक्याने तेल तारभर सारवलं, अगदी त्या दिवशीसारखं. टिकलीचा लाल डाग मात्र राहू दिला. तार टाकीत उभी केली. मणी पाण्यावर टाकला.

तुमचं 'अजून नाही' मला तेव्हा कळलं, भाई. तेल लावणं सोपं होतं. ते सगळ्यांच्या देखत लावायचं होतं.

मणी हलत होता. इतक्या लोकांत त्या दहा मिनिटांत कोणी वाद घातला नाही, आपल्या शेडच्या इतिहासात हे पहिल्यांदाच. चेअरमन टाकीवर वाकून मण्याकडे बघत होते. ज्यांचं पाणी कधीच निवत नाही त्यांना ते थांबलेलं पाणी बघून बहुतेक जरा भीती वाटली असावी. मणी थांबला. मी बटण दाबलं, फळी हलली आणि लाट निघाली. बारा.

दहा वेळा सोडली. दहाही वेळा बारा. चेअरमननी खिशातून रुमाल काढला आणि विचारलं, "डाग पुसू काय?"

"नको," मी म्हटलं. "तशीच जाऊ दे."

सरांनी घसा साफ केला. "ताई, चहा सांगा."

"सर, आज तुम्ही सांगा."

आणि त्यांनी सांगितला, भाई. सोमवारी गाडी कोकणात उतरतेय. तुमची तार, तिच्यावरच्या माझ्या बोटासकट, समुद्रात उभी राहणार आहे.